दिवेवाला जागा झाला नाही

१

शुक्रवारी सकाळी मी तोंडात ब्रश धरून उभी होते, तेवढ्यात वहिनी उघडा लॅपटॉप छातीशी धरून बाथरूमच्या दारात आली.

"दिवेवाला मेला," ती म्हणाली. "दीपगृहात, वरच्या खोलीत. आतून कडी होती. आम्ही कुऱ्हाडीने दार फोडलं."

आमच्या वहिनीने आयुष्यात भाजीच्या सुरीपलीकडे हत्यार धरलेलं नाही. कुऱ्हाड बेटावरची. बेट हा आमचा खेळ आहे आणि तो सगळा शब्दांचा आहे. चित्र नाही, आवाज नाही. आपण कुठे आहोत ते पडद्यावर वाचायचं, काय करायचं ते टाइप करायचं, आणि त्याच वेळी आपापल्या घरी बसलेली शे-दीडशे माणसं तिथे तुमच्याशी बोलतात, भांडतात, लग्नं जमवतात. त्या जगाचे नियम मी ठरवते. दादा, म्हणजे माझा सख्खा भाऊ, ते नियम संगणकाच्या गळी उतरवतो. आणि सुगरण जागा बांधते: बंदर, गल्ल्या, दीपगृह. हे नाव आम्ही तिला दिलं ते घरटं विणणाऱ्या पाखरावरून. स्वयंपाक तिचा यथातथाच आहे.

वहिनी बेटावर जहाजाची कप्तान. उजाडलं तरी दीपगृहाचा दिवा जळताच दिसला म्हणून ती वर गेली. दिवेवाला अंथरुणात पडलेला. अंगावर जखम नाही, खोलीत शस्त्र नाही. विझलेल्या शेगडीवर किटली आणि किटलीत अर्धा चहा.

कुणी मेलं तर कारण काय ते खेळ सांगत नाही. तो नियम माझा. कारण शोधणं हाही खेळच, असं माझं म्हणणं. सगळ्यात कडक नियमही माझाच: मेला तो मेला. बेटावरचं मरण खरं नसेल तर तिथल्या जगण्याला काय किंमत, असं मी सगळ्यांना तावातावाने पटवलं होतं. रविवारी संध्याकाळी बेटकरी दिवेवाल्याला समुद्रात सोडणार आणि मग ते पात्र कायमचं पुसलं जाणार. यातून एकच पळवाट होती. चूक जगाचीच असेल, म्हणजे आम्हा तिघांची, तर मरण रद्द. ती आजवर कुणाला मिळाली नव्हती, कारण आमचं जग चुकत नाही अशी आमची ठाम समजूत होती.

एरवी मी हळहळून मोकळी झाले असते. पण दिवेवाला म्हणजे सुगरणचे बाबा; आम्ही त्यांना काका म्हणतो. दोन वर्षांपूर्वी त्यांना झटका आला आणि वाचा गेली. एके काळी सभा गाजवणारा माणूस. आता डाव्या हाताच्या एका बोटाने लिहायचे ते फक्त बेटावर, दिवेवाला म्हणून, आणि तिथे इतके रंगून बोलायचे की लोक जहाजं खोळंबवून ठेवायचे. स्वतःच्या नावाने मात्र एक अक्षर लिहीत नसत. पाटी-पेन्सिल पुढे केली तर मान फिरवत. म्हणजे बेटावरून ते गेले तर बोलण्यातूनच गेले.

वहिनीचा फोन वाजला. सुगरण होती, आणि तिला धड बोलता येत नव्हतं.

"बाबांनी कीबोर्ड ढकलून दिलाय," ती म्हणाली. "हा खून आहे. आणि कुणी केलाय ते मला माहीत आहे."

२

तिचा संशय बोक्यावर होता. बोका म्हणजे बेटावरचा चोर. कंदिलापासून कोंबडीपर्यंत काहीही पळवतो, पण पळवताना विनोद करतो म्हणून लोक त्याला चालवून घेतात. दीपगृहातलं तेल हा तर त्याचा नेमाचा माल. त्यात गेल्या महिन्यात त्याने वैद्याकडून विषाची कुपी लांबवलेली. सुगरणचा हिशेब सरळ होता: विष चहात, चहा पोटात.

"पण खोलीत दुसरं कुणी शिरलेलंच नाही," दादा म्हणाला. जेवणाचं टेबल हेच आमचं ऑफिस, आणि तो तिथे डोकं धरून बसला होता. "खेळाडूंची ये-जा मशीन लिहून ठेवतं. काकांनी कडी लावली, शेगडी पेटवली आणि झोपले. संपलं."

बेटावर झोपणं म्हणजे खेळणाऱ्याने घरी खेळ बंद करून उठणं. त्याचं पात्र असेल तिथे झोपतं आणि तो परत आला की जागं होतं. दिवेवाला जागा झाला नव्हता.

"विषाला दार कशाला लागतं?" वहिनी म्हणाली. "आधीच टाकून ठेवलं असेल."

"तुला बरं माहीत!" सोफ्याच्या कोपऱ्यातून आवाज आला. "मागच्या वादळात दिवा विझला, तुझं जहाज खडकावर फुटलं, आणि तू त्याला भर बंदरात 'बघून घेईन' म्हणालीस ना?"

वहिनी लाल झाली. बोलणारी आमची मावशी होती. पंधरा दिवसांसाठी आलेली, आणि कानाने घरातलं सगळं टिपणारी. विमा कंपनीसाठी जळालेली दुकानं तपासण्यात तिची हयात गेली. नोकरीतून ती निवृत्त झाली, चौकशीच्या खोडीतून नाही.

"आगीबद्दल मालकाला विचारू नये," ती म्हणाली. "आधी भिंतींना विचारावं. भिंती खोटं बोलत नाहीत. मला ते तुमचं बेट दाखवा."

मग मावशी 'म्हातारी' नावाने बेटावर उतरली. धक्क्यावर शिंपले पडलेत असं वर्णन होतं. तिने लगेच टाइप केलं: शिंपला उचल. म्हातारीच्या हातात शिंपला आला.

"अरे वा! लिहिलंय ते खरंच आहे की!"

"सगळ्याच खेळांत तसं नसतं," मी सांगितलं. "बहुतेक ठिकाणी वर्णन नुसतं शोभेला असतं. पण सुगरणचं ब्रीद आहे, लिहिलं ते बांधलं. तिने खुर्ची लिहिली तर तू तिच्यावर बसू शकतेस, आणि मनात आलं तर ती मोडूही शकतेस."

म्हातारी दीपगृहाचा जिना चढली. फुटलेल्या दारातून आत गेली; दिवेवाल्याला बेटकऱ्यांनी तोवर खाली नेलं होतं. मावशीने चष्मा सारखा करून मोठ्याने वाचलं:

"दिव्याची खोली. गोल भिंती, मधोमध शेगडी, शेगडीवर किटली. भिंतीला टेकून अंथरूण. पश्चिमेच्या खिडकीतून समुद्र दिसतो आणि खारा वारा आत येतो."

"छान लिहिते हो पोरगी," ती म्हणाली आणि कुणी काही म्हणायच्या आत तिने टाइप केलं: चहा पी.

"मावशी!" आम्ही तिघं एकदम ओरडलो.

चहा गार आहे, खेळाने कळवलं. थोडा कडवट लागतो.

दादा घड्याळाकडे बघत बसला. विष असतं तर दहा मिनिटांत म्हातारी कोसळायला हवी होती. अर्धा तास गेला. म्हातारी मजेत शेगडीभोवती फेऱ्या मारत होती.

"चला," मावशी म्हणाली. "विष गेलं. आता माणूस मेला कशाने?"

३

दुपारी मावशी आणि मी सुगरणच्या घरी गेलो. काकांची खोली नीटनेटकी होती: पलंग, टेबल, टेबलावर संगणकाचा पडदा, औषधं रांगेत लावलेली. फक्त कोंदट होती. मलमाचा वास नाकात बसत होता. रस्त्याच्या बाजूला मोठी खिडकी होती, पण बंद, आणि तिच्या कडीला कापडाची पट्टी गुंडाळलेली.

"हवा येऊ द्या थोडी," मावशी पट्टीला हात घालत म्हणाली.

"नको नको!" सुगरण धावलीच. "गेल्या आठवड्यात ताप होता त्यांना. रात्र-रात्र बसून काढली मी. बेटाकडे तर दोघांनीही ढुंकून बघितलं नाही. बाबांना वारा सोसत नाही."

काकांनी खिडकीकडे पाहिलं आणि मग भिंतीकडे तोंड केलं.

आम्ही बसलो. मावशी काकांना विचारायची आणि उत्तर सुगरण द्यायची. पाणी हवं का? बाबांना आत्ता नको. झोप लागते का? बाबांना लागते. त्यांच्या हनुवटीवर काही नसतानाही ती रुमाल फिरवत होती. पोरगी आईच्या मायेने करत होती, यात शंकाच नाही. काका तान्हे नव्हते, एवढाच काय तो घोटाळा.

शेवटी मावशीने कीबोर्ड उचलून त्यांच्यासमोर ठेवला. "काका, तुम्ही सांगा. तुमचं काय म्हणणं आहे?"

मग एक बोट उठलं. एकेक अक्षर शोधत काकांनी लिहिलं: बोक्याला बोलवा.

"बघा!" सुगरणला हुंदका आवरेना. "त्यांनाही त्याचाच संशय आहे."

काकांनी तळहात टेबलावर आपटला, कीबोर्ड पुन्हा लोटला आणि डोळे मिटून घेतले.

जिना उतरताना मावशी मध्येच थांबली. "तू नीट बघितलंस का?" तिने विचारलं. "माणूस चिडला तो बोक्यावर की लेकीवर?"

४

बोका प्रत्यक्षात दातांचा डॉक्टर निघाला. दादाला ते आधीपासून माहीत होतं. त्याच्या दोन दाढा बोक्यानेच भरल्या होत्या. बेटावर छपरांवरून उड्या मारणारा हा वीर दवाखान्यात मान खाली घालून बोलायचा आणि कुणी पाहिलं की त्याचे कान लाल व्हायचे.

"एक दाढ ठणकतेय," मावशीने शनिवारी सकाळी त्याच्या खुर्चीत बसत सांगितलं. खोटं नव्हतं ते. पण तपासणीची ही युक्ती तिच्याच अंगाशी आली. बोक्याने तिच्या तोंडात आरसा घातला, कापूस घातला, आणि आमची तपास अधिकारी 'आँ' करून आडवी पडली. प्रश्न मलाच विचारावे लागले.

एक मात्र झालं. ज्याच्या तोंडात कापूस आहे त्याच्यासमोर बोक्याची भीड चेपली.

"कुपी मी चोरली," तो दाढेला सांगत असल्यासारखा म्हणाला. "आणि दुसऱ्या दिवशी वैद्याच्या फळीवर परत ठेवली. मी निम्मा माल परत ठेवतो. चोरण्यात मजा आहे, बाळगण्यात काय आहे?"

"आणि दीपगृह?"

त्याचा हात थांबला. "तिकडे मी महिनाभर फिरकलेलो नाही."

"का? आधी तर रोज जात होता."

"रोज. दवाखाना बंद केला की पहिलं तिथे. तेल निमित्ताला. मी आत शिरायचो, ते म्हणायचे, 'आलास का चोरा, बस.' मग गप्पा." त्याचे कान लाल झाले. "माझ्याशी इतकं कुणी बोललेलं नाही. आणि अचानक मी नकोसा झालो. तोंडावर सांगायचं ना! मीही मग गेलो नाही. चोर असलो तरी मानी आहे मी."

"ते तुम्हाला तसं म्हणाले?"

"म्हणायला कशाला पाहिजे? माणसाला कळतं."

मावशीने कापूस काढला, चूळ भरली आणि उठून बसली. "कसं कळलं ते सांगा, डॉक्टर. तुम्ही नेमकं काय पाहिलंत?"

बाहेर पेशंट खोळंबले होते. बोका हातमोजे काढत म्हणाला, "त्यांच्या घरातली गोष्ट मी का सांगू? तुम्हीच जाऊन बघा. मात्र दारातून जाऊ नका."



५

संध्याकाळी तिने दादाला विचारलं, "दीपगृहाचं दार दुरुस्त झालं?"

"सुताराने कालच बसवलं. का?"

ती लॅपटॉपसमोर बसली. म्हातारी जिना चढली. खोलीत गेली. मग मावशीने एकामागून एक टाइप केलं: दार लाव. कडी घाल. शेगडी पेटव. अंथरुणावर पड. आणि खेळ बंद करून ती उठली.

"त्या दिवशी दिवेवाल्याने जे केलं तेच," ती म्हणाली. "आता मला चहा द्या. खरा."

चहा झाला. बिस्किटं झाली. दाढेची तक्रार दोनदा ऐकून झाली. मग तिने खेळ पुन्हा चालू केला आणि पडद्यावर एकच ओळ आली.

तुम्ही मेला आहात.

दादाच्या हातातून बिस्किट पडलं. "धूर!" तो म्हणाला. "पण ते शक्य नाही."

गेल्याच आठवड्यात त्याने बेटावर धुराचा नियम चालू केला होता. कल्पना माझी, काम त्याचं. चारही बाजूंनी बंद खोलीत शेगडी पेटवून कुणी झोपलं तर तो उठत नाही. खोलीला खिडकी असेल तर धूर निघून जातो.

"दीपगृहाला खिडकी आहे," दादा सांगत होता. "माझ्या डोक्यात धूर आलाच नाही तो त्यामुळे. नियम लावायच्या आधी मी बेटावरची शेगडीची एकेक खोली स्वतः वाचून काढली. खिडकी नसेल तिथे पाटी ठोकली, 'इथे शेगडी पेटवून झोपू नये.' दीपगृहात पाटीची गरजच नव्हती. हे बघ ना, लिहिलंय: पश्चिमेच्या खिडकीतून समुद्र दिसतो आणि..."

"वाचलीस," मावशी म्हणाली. "उघडून बघितलीस का?"

लिहिलं ते बांधलं, हे सुगरणचं ब्रीद आम्हाला इतकं पाठ होतं की शिंपला उचलून बघण्याची बुद्धी फक्त पाहुणीला झाली.

वहिनीने आपला लॅपटॉप ओढला. कप्तानीणबाईंनी दोन दिवसांत दुसऱ्यांदा ते दार फोडलं. आत जाऊन तिने टाइप केलं: खिडकी उघड.

खेळाने उत्तर दिलं: इथे तशी वस्तू नाही.

६

रविवारी दुपारी आम्ही सगळे काकांच्या खोलीत दाटीवाटीने बसलो. बेटावर किनाऱ्यावर गर्दी जमू लागली होती. बोकाही तिथे आला होता, सगळ्यांपासून लांब उभा होता.

"चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात," मावशीने सुरुवात केली. "इथे फाशी चोरालाच होती, पण भलत्याच गुन्ह्यासाठी. बोका दारातून येणारा माणूस नाही. तो यायचा खिडकीतून. महिन्यापूर्वी एके दिवशी आला तर खिडकीच्या जागी भिंत. त्याला वाटलं, दिवेवाल्याने आपल्यासाठी वाट बंद केली. काकांना वाटलं, बोका यायचाच बंद झाला. म्हणून ते म्हणत होते, बोक्याला बोलवा. संशय कसला? त्यांना तो भेटायला हवा होता."

काकांनी मान डोलावली. सुगरण खाली बघत होती.

"खिडकी काढली कुणी? खेळाडूंच्या हातात ते नाही. नियमवाली बांधत नाही. दादाने काढली असती तर खिडकीच्या भरवशावर पाटी न लावण्याइतका तो वेडा नाही. उरली बांधणारी." मावशीचा आवाज मऊ झाला. "बाळ, तू काढलीस ना?"

"मी काढली." सुगरणचे डोळे भरले. "बाबा तेलाचा डबा रोज त्या खिडकीशीच ठेवायचे. शंभरदा सांगितलं, आत ठेवा, चोर नेतो. तरी तिथेच. मला वाटलं, आजारपणाने विसरतात. म्हणून खिडकी बुजवून टाकली. पण वर्णनातली ती समुद्राची ओळ खोडवेना. बाबा बेटावर आले की सगळ्यात आधी तीच वाचायचे. म्हटलं, समुद्र तर दिसू दे." मग तिला पुढचं उमगलं आणि तिने तोंडावर हात घेतला. "धुराचं दादाने कळवलं होतं. ताप होता म्हणून मी वाचलंच नाही. बाबांना मीच..."

"आपलेच दात, आपलेच ओठ," मावशी म्हणाली. "तीस वर्षांत पहिल्यांदा मला खोटं बोलणारी भिंत भेटली, आणि तीही मायेपोटी खोटं बोलली."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. नियम माझा होता.

"खिडकी आहे असं जगाने सांगितलं, आणि ती नव्हती," मी म्हणाले. "चूक जगाची. मरण रद्द." आणि तो नियम केल्यापासून मला त्याचा इतका आनंद कधीच झाला नव्हता, हे मी उघड सांगते.

"आणि माझी म्हातारी?" मावशीने विचारलं.

"तू संशय असताना कडी लावून झोपलीस. मेला तो मेला."

"योग्य निकाल," मावशी म्हणाली.

सुगरणने तिथेच मांडीवर लॅपटॉप घेऊन खिडकी पुन्हा बांधली. दादाने दिवेवाल्याला त्याच्या खोलीत उठवलं. काकांच्या पडद्यावर अक्षरं आली: तुम्हाला जाग येते. मग गोल भिंती, शेगडी, किटली, आणि शेवटी ती ओळ. काकांनी ती सावकाश वाचली. एक बोट उठलं.

खिडकी उघड.

खिडकी उघडते. खारा वारा आत येतो.

आम्हाला वाटलं, आता ते किनाऱ्यावरच्या लोकांना काहीतरी बोलतील. भाषण तरी करतील. पण बोट पुन्हा अक्षरं शोधू लागलं.

तेलाचा डबा खिडकीशी ठेव.

सुगरणने ते वाचलं, परत एकदा वाचलं. "बाबा," ती म्हणाली, "तुम्ही विसरत नव्हता?"

काकांनी तिच्याकडे बघून मान हलवली. नाही.

तिने मांडीवरचा लॅपटॉप बाजूला ठेवला. मग उठली, खोलीतल्या खिडकीपाशी गेली, कडीची पट्टी सोडली आणि दोन्ही तावदानं उघडली. रस्त्यावरचा गलका आत आला, पाठोपाठ वारा, आणि रांगेतल्या औषधांची दोन रिकामी खोकी खाली पडली. कुणी उचलली नाहीत.

पडद्यावर ओळ आली: बोका खिडकीतून आत येतो. बोका म्हणतो, "घरात कोणी आहे का?"

काकांनी बोट पुढे केलं. सुगरणने मदतीला हात पुढे नेला आणि अर्ध्यातून मागे घेतला. एकेक अक्षर उमटत गेलं.

दिवेवाला म्हणतो, "आलास का चोरा, बस. उशीर केलास."